गोळीविषयीची कैफियत

हृदयातील कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून जन्मभर घ्यावयाच्या वॉरफरिनसारख्या औषधाचा अंमल आयएनआर या आकड्यावरून कळतो, आणि मिट्रल झडप बदललेल्या रुग्णात तो बहुधा २.५ ते ३.५ च्या दरम्यान राखावा लागतो. परंतु त्या गोळीविषयी रुग्णाच्या अंतःकरणात भय आहे, कंटाळा आहे की विश्वास, हे रक्ताच्या थेंबावरून उमगत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रश्नावलीत याकरिता २५ प्रश्न आहेत. प्रत्येकाच्या उत्तरास सात पायऱ्या, आणि एकूण गुण जितके कमी तितके समाधान अधिक.

अशा धर्तीचे जाबजबाब अकोल्यास एका दवाखान्यात चालले असता मी शेजारी बसून ऐकत होतो. दर्यापूरकडील एका शेतकऱ्यास परिचारिकेने विचारले, "गोळीचा काही त्रास?" डॉक्टरांच्या दाराकडे पाहत तो म्हणाला, "नाही जी, साहेबांनी देल्ली म्हंजे बरीच हाय." तक्त्यात समाधानाची नोंद झाली. बाईंनी मात्र घाई न करता शेतातल्या कामाची विचारपूस केली, तेव्हा खरी हकिकत बाहेर आली: "तुरी सोंगाले जाच्या आदल्या दिशी गोळी घेतच नाही म्या. विळा लागला अन् रगत थांबलं नाही तं?" वॉरफरिनचा अंमल काही दिवस रेंगाळतो, म्हणजे आदल्या दिवशीची गोळी चुकवून विळ्यापासून संरक्षण तर मिळत नाही, आणि हे वारंवार घडल्यास झडपेवर गुठळी धरण्याचा धोका मात्र वाढतो. आदरापोटी दिलेल्या उत्तराने हे सारे झाकले गेले होते.

अमरावतीस एका वृद्धेपुढे त्या सात पायऱ्या ठेवल्या, तेव्हा ती गप्पच झाली. मग परिचारिकेने विचारले, "आजी, रुपयातला किती आणे त्रास वाटते?" उत्तर तत्काळ आले: "गोळीचा चार आणे. अंबाडीची भाजी बंद केली, त्याचा बारा आणे!" अर्थात, सातांच्या जागी आणे घातले की ते मोजमाप नव्याने पारखल्यावाचून मूळ प्रश्नावलीच्या गुणांशी ताडता येत नाही, आणि ही शिस्त मला आवश्यक वाटते. तथापि आकड्याच्या खाली रुग्णाचे शब्द जसेच्या तसे उतरविण्यास कोणत्याही शास्त्राची हरकत नसावी. आजींचे ते वाक्य कागदावर होते, म्हणूनच डॉक्टरांनी त्यांना समजावले की पालेभाजी वर्ज्य नाही, तिचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे राखावे आणि तपासणी चुकवू नये.