गव्हाळे, मुगाळे आणि गोठ्यातले रेडकू

आश्विन वद्य द्वादशीस आपण वसुबारस म्हणतो. शास्त्रग्रंथांत हिचे नाव गोवत्सद्वादशी. दीपावलीचा पहिला दिवा या तिथीस लागतो आणि तो गोठ्यात लागतो, हे सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. या दिवशीची पूजा सवत्स धेनूची आहे. गाईपाशी तिचे वासरू नसेल तर व्रताचे नावच लटके पडते. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी धर्मसिंधूत या दिवसाचे नियम सांगितले आहेत. गाईचे दूध, दही, ताक, तूप वर्ज्य. तेलात तळलेले वर्ज्य. भोजन एकवेळ, रात्रीचे, आणि तेही उडदाच्या पदार्थांचे. त्या एका दिवसाचे दूध वासराचे, एवढा याचा सरळ अर्थ. आपल्याकडील सुवासिनी या नियमांत गहू आणि मूग यांची भर घालतात. ही भर कोठून आली ते कहाणीत आहे.

कहाणी बहुतेक घरांतून ठाऊक आहे, तरी तिच्याकडे पुन्हा एकवार पाहावे. एका म्हातारीच्या घरी गाईगुरे होती, म्हशी होत्या, आणि गव्हाच्या व मुगाच्या रंगाची वासरे होती. शेतावर जाताना तिने सुनेला सांगितले की गव्हाळे मुगाळे शिजवून ठेव. सासूच्या मनात धान्य होते. सुनेच्या मनात वासरे आली. तिने ती कापली आणि चुलीवर चढविली. सासू परतली, पान वाढले गेले, आणि तांबडे मांस पाहून ती देवापाशी धरणे धरून बसली. सांजेला गाई रानातून आल्या, वासरे न दिसताच हंबरडा फोडू लागल्या. तेव्हा देवाला करुणा आली आणि वासरे उड्या मारीत आपापल्या आयांच्या आचळांना जाऊन भिडली. कीर्तनात ही कथा सांगताना श्रोते सुनेच्या भोळेपणाला हसतात. मला मात्र वाटते की या कथेतली सून निदान अज्ञानी होती. तिला शब्दाचा अर्थ उमगला नाही. आज वासराचे काय होते ते ज्यांना नीट उमगलेले आहे, अशा आपणा सर्वांसाठी कहाणी अद्याप कोणी रचलेली नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दूध म्हणजे प्राधान्याने म्हशीचे. शहरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रात्री म्हशीची धार काढून तोंडासमोर पेला धरणारे शौकीन आजही भेटतात. दिवाळीच्या पाडव्याला गवळी बांधव आपल्या म्हशींची शिंगे रंगवून, त्यांना मोरपिसे व घुंगूर बांधून मिरवीत नेतात, हा सोहळा अन्यत्र क्वचितच दिसेल. पंढरपुरी म्हशीची ती तलवारीसारखी लांब शिंगे मिरवणुकीत फारच शोभतात. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला गोकुळ, स्थापन झाला आणि वेदगंगेकाठच्या मुरगूड परिसरातही दूध हे अडीनडीचे न राहता रोजच्या उत्पन्नाचे साधन झाले. मुलींची लग्ने, मुलांची शिक्षणे या दुधावर झाली. हे ऋण नाकारून पुढचे काही बोलणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु म्हैस व्याल्याखेरीज दूध देत नाही, आणि दहा महिने वाट पाहून जे जन्मास येते त्यात निम्मी रेडकी नर असतात. पूर्वी रेड्याला काम होते. तो पखाली वाही, चिखलणीला चाले, ओढकामास लागे. आता नांगर ट्रॅक्टरने घेतला आणि पखाल नळाने. नर रेडकाच्या पोटात गेलेला प्रत्येक शेर दूध हा संकलन केंद्रावरचा तोटा झाला. मग काय घडते ते गोठ्यात वावरणारी प्रत्येक माउली जाणते. पान्हा फुटेपर्यंत रेडकू आचळाशी धरतात, लगेच ओढून दाव्याला बांधतात. काही आठवड्यांत ते खंगून जाते. कोणी मारलेले नसते, ते आपले ‘गेलेले’ असते. जे तगते ते व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढते.

हा टेम्पो कोठे जातो? सण-उत्सवाच्या पानावर हा प्रश्न विचारणे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. पण ज्या पानावर वासराची पूजा सांगावयाची, तेथेच तो विचारला पाहिजे. भारतातून गाई, बैल व वासरे यांच्या मांसाची निर्यात निषिद्ध आहे. जे परदेशी जाते ते म्हशीचे मांस. भाकड झालेल्या म्हशी आणि वाढविलेले रेडे यांवर हा उद्योग उभा आहे. कापल्यानंतर धड सुमारे एक दिवस शीतगृहात टांगून ठेवतात, हाडे व ग्रंथी काढून टाकतात, मग ते गोठवून खोक्यांत भरतात आणि जहाजाने व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशिया अशा देशांत धाडतात. २०२३-२४ या वर्षात अशी निर्यात सुमारे १३ लक्ष टनांची झाली आणि तिचे मोल सुमारे ३१ हजार कोटी रुपये होते. एवढा पसारा एकट्यादुकट्या खाटकाच्या सुरीचा नाही. त्यामागे भांडवल आहे, भागीदाऱ्या आहेत, शासनाचे प्रोत्साहन आहे. अन्नप्रक्रिया उद्योगात परकीय गुंतवणुकीस शंभर टक्के मुभा आहे. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात नर रेडकांना वाचवून वाढविण्याची एक योजना केंद्राने आखली होती. ‘वाचविणे’ हा शब्द वाचून भाविकाला भरून येईल. वाचवावयाचे ते पुढे मांसासाठी, हे योजनेतच स्पष्ट होते.

आणखी एक गोष्ट अधिक बोलकी आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने पशुसंवर्धनाच्या पायाभूत सोयींसाठी १५ हजार कोटी रुपयांचा निधी मंजूर केला. त्यातून कर्ज काढणाऱ्यास व्याजात ३ टक्क्यांची सूट. निधी कशासाठी? दूधप्रक्रियेसाठी, मांसप्रक्रियेसाठी आणि पशुखाद्याच्या कारखान्यांसाठी. तिन्ही नावे एका रांगेत. कित्येक धार्मिक मंडळींना हे वाचून धक्का बसला असेल. मला त्यात लपवाछपवीचा अभाव दिसला. गोठ्याला जे ठाऊक होते तेच सरकारने कागदावर मांडले. दूध आणि मांस ही एकाच दाव्याची दोन टोके आहेत.

आपल्या राज्यात या प्रश्नावर मोठे लढे झाले, ते नव्या पिढीने विसरू नयेत. मुंबईत देवनारचा पालिकेचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. त्याच्या दारात ११ जानेवारी १९८२ पासून विनोबाजींच्या प्रेरणेने सत्याग्रह आरंभला गेला, आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, विनोबाजींनी पवनारला देह ठेवला. सत्याग्रह मात्र त्यांच्यामागेही वर्षानुवर्षे चालू राहिला. गोहत्येस बंदी घालणारा राज्याचा कायदा १९७६ चा. त्यात बैल व वळू यांचाही समावेश करणारी दुरुस्ती १९९५ साली विधिमंडळाने केली. तिला राष्ट्रपतींची संमती मिळून ती २०१५ च्या मार्चमध्ये अमलात आली. दक्षिणेत, आजच्या तेलंगणातील रुद्रारम येथील अल-कबीर कारखान्याविरुद्धचा लढा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. या सर्व धामधुमीत महाराष्ट्रात म्हैस पूर्ण बंदीच्या बाहेर राहिली. लढणाऱ्यांनीही तिच्यासाठी तितका कंठशोष केला नाही. कारण उघड आहे. गाय माता, आणि रेडा म्हटले की यमाचे वाहन नाही तर महिषासुर!

हा पक्षपात आपल्याच परंपरेला धरून आहे असे मात्र समजू नये. ज्ञानोबांनी वेद वदविले ते रेड्याच्या मुखातून. त्याच रेड्याची समाधी पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आळे या गावी आहे. वारकरी तेथे माथा टेकवितात. गोशाळांच्या पावत्या फाडणाऱ्यांपैकी किती जणांनी एखाद्या रेडकासाठी पावती फाडली असेल?

स्मृतींकडे वळू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणते दूध पिऊ नये याची गणना आहे. व्याल्यापासून दहा दिवसांच्या आतील दूध त्याज्य. ज्या गाईचे वासरू नाही, तिचे दूधही त्याज्य. याज्ञवल्क्यांनीही आचाराध्यायात हेच सांगितले आहे. रानातील प्राण्यांचे दूध वर्ज्य करताना मनूने म्हशीच्या दुधाला अपवाद केला, म्हणून ते आपणास चालते. पण पहिले दोन नियम पाहता, आपण आवडीने खातो तो खरवस कोठे बसतो? पहिला चीक हे नवजात वासराचे औषध आहे; जन्मल्यावर काही तासांच्या आत तो पोटात न गेला तर त्याला रोगांशी झुंजण्याचे बळ येत नाही, असे पशुवैद्यही सांगतात. शास्त्र आणि वैद्यक इतके एकमुखाने क्वचितच बोलतात, आणि वेलदोडे घातलेल्या वडीपुढे दोन्ही गप्प होतात! आणि वासरू मेल्यावर औषध टोचून किंवा पेंढा भरलेले कातडे पुढे ठेवून काढलेले दूध पंचामृतात घालावे काय, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. ग्रंथांचा कल काय, ते मी वर सांगितले.

त्याच पाचव्या अध्यायात घातक कोणकोणते याचीही मोजदाद आहे. मारणारा एकटा नव्हे. कापणारा, विकत घेणारा, विकणारा, रांधणारा, वाढणारा, खाणारा, असे आठ मोजले आहेत, आणि त्यांत पहिला बसविला आहे तो अनुमंता, म्हणजे संमती देणारा. आजच्या भाषेत या शब्दाची व्याप्ती फार मोठी होते. कारखान्यात भाग घेणारा, त्याला कर्ज देणारा, आणि रेडकू टेम्पोत चढविताना दुसरीकडे पाहणारा, यांतला कोण अनुमंता नव्हे? शेअर घेताना नफ्याचा आकडा पाहतो तसा कंपनीचा व्यवसायही पाहावा, एवढे तरी भाविक गृहस्थास सहज साध्य आहे.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. या विषयाचे बोलणे फार लवकर दुसऱ्याच्या द्वेषाकडे घसरते. महाभारताच्या वनपर्वात कौशिक ब्राह्मणाला धर्म कोणी शिकविला? मिथिलेत मांस विकणाऱ्या व्याधाने. सजन कसाई हे नाव संतांनी भक्तांच्या मालिकेत आदराने घेतले. ज्या पखवाजावर मी उभा राहून बोलतो त्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची, वादी जनावराच्या चामड्याची. कोल्हापुरी चप्पल तर आपल्या जिल्ह्याचे भूषण. खाटकाकडे बोट दाखविणाऱ्याने आपल्या पायांकडे एकदा पाहावे.

शेतकऱ्याचीही बाजू आहे. भाकड म्हैस विकून जे पैसे येतात त्यांतून नवी म्हैस येते. ते पैसे काढून घेऊन त्याला केवळ पुण्य देऊ करणे हा न्याय नव्हे. बैलांची बंदी झाल्यावर म्हातारा बैल सांभाळण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडला आणि बैल ठेवणेच अनेकांनी सोडले, हे आपण पाहिले आहे. म्हणून भार वाटून घेतला पाहिजे. कसा, याचे उदाहरण आमच्या शेजारीच आहे. आदमापूरच्या बाळूमामांची बकरी, म्हणजे मेंढरे, बग्ग्याबग्ग्यांनी महाराष्ट्र-कर्नाटकात फिरतात. ती मांसासाठी पाळलेली नाहीत. गावोगावचे लोक आपल्या रानात त्यांना बसवून घेतात, त्यात भाग्य मानतात, आणि हजारोंचा तो कळप कोणा एकाला जड होत नाही. दूध संघांनी लिटरमागे दहा पैसे नर रेडकांसाठी बाजूला काढले आणि ते गिऱ्हाइकाने आनंदाने दिले, तर हे अशक्य का असावे? वासरू-संगोपनाच्या योजनांचे लक्ष आज बहुतांशी रेडी आणि कालवडीवरच आहे. आता नव्या रेतनपद्धतीने मादीच जन्मावी अशी सोयही झाली आहे. काही कर्मठ मित्रांना ती सृष्टिक्रमात ढवळाढवळ वाटते. उपाशी मरण्यासाठी जीव जन्मास घालण्यापेक्षा ती मला पुष्कळ बरी वाटते.

आता यंदाच्या पूजेविषयी. गोवत्सद्वादशी प्रदोषव्यापिनी घ्यावी, म्हणजे सूर्यास्तानंतर द्वादशी असेल तो दिवस. घरी गाय नसून म्हैस असेल तर तिला तिच्या रेडकासह ओवाळण्यास मला कोणताही प्रत्यवाय दिसत नाही. रेडकू नर असले तर अधिकच अगत्याने ओवाळावे. शहरातील सदनिकांत पाटावर चित्र काढून पूजा होते, तीही ग्राह्य आहे. चित्रात वासरू काढण्यास विसरू नये. तांब्याच्या पात्रात पाणी, अक्षता, फुले व तीळ घेऊन धेनूच्या पायांवर अर्घ्य द्यावे, उडदाचे वडे खाऊ घालावेत. त्या सायंकाळी भांडे घेऊन धारेला बसू नये. ओवाळण्याआधी वासराचे दावे सोडावे आणि ते आपणहून आचळ सोडीपर्यंत तबक हातात धरून उभे राहावे.