तिसऱ्यांचा वाटा

मुलुंडच्या मासळी बाजारात तिसऱ्या घेताना वाट्यात एखादी तोंड उघडून पडलेली दिसली, की कोळीण शेजारचीच एक उचलून तिच्यावर टकटक करते. मिटली तर राहिली, नाही तर बाजूला. ‘‘मेलेली हाय ताई, ती नको,’’ एवढंच तिचं म्हणणं. प्राणिशास्त्रही तेच सांगतं, फक्त कारण जोडून. दोन शिंपल्यांच्या सांध्यावर एक चिवट, लवचीक पट्टा असतो आणि त्याचा ताण सतत शिंपले उघडण्याकडे असतो. मिटून धरण्याचे कष्ट आतले दोन स्नायू घेतात. जीव गेला की ते सैल पडतात आणि तोंड आपोआप उघडतं. तिसऱ्या फ्रीजरमध्ये ठेवून उघडायला सोप्या करायची घरोघरची युक्ती याच स्नायूंवर चालते.

विळीवर बसलं की हे हाताला कळतं. फटीत पातं सरकवायचं. एक स्नायू कापला की शिंपला ढिला होतो, दुसरा कापला की हार मानतो. सुटणारं खारं पाणी ताटात धरायचं, सगळी चव त्यात. रिकामा शिंपला टाकून मांसाचा ठेवला की एकशिपीची तयारी झाली.

टाकायच्या शिंपल्यात आतून जरूर बघावं. दोन टोकांना स्नायूंचे दोन गुळगुळीत ठसे आणि त्यांना जोडणारी बारीक रेघ दिसते. एका बाजूला ती रेघ आत वळते, तिथे दोन नळ्या आत ओढून घेतलेल्या असतात. एकीने पाणी आत, दुसरीने बाहेर. मधल्या कल्ल्यांवर श्वासही होतो आणि अन्नही गाळलं जातं. वाळूत रुतायला मांसल पाय आहे. डोकं मात्र नाही. जेवण पाण्याबरोबर घरपोच येतं, डोकं कशाला हवं?

शेजारच्या पाटीतलं माकूळ याच मृदुकाय कुळातलं, हे पटवून घ्यायला वेळ लागतो. त्याला डोळे आहेत, शाईची पिशवी आहे, तीन हृदयं आहेत. साफ करताना पाठीतून प्लॅस्टिकसारखी पारदर्शक काडी ओढून काढतात, तो त्याच्या पूर्वजांच्या शिंपल्याचा अवशेष. पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीचा चुना खरवडणारी आफ्रिकन गोगलगायही यांच्याच नात्यातली. शंख बांधायला तिला तो लागतो.

पण गाळून खाणाऱ्याचं एक दुखणं असतं: पाण्यात जे असेल ते अंगात येतं. मुलुंड पूर्वेला मिठागरांपलीकडे ठाण्याची खाडी आहे. २०२२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं तिच्यातच उतरत आलं आहे. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या की वाळू टाकतात. मांसात मुरलेले जड धातू तेवढ्याने जात नाहीत. तेव्हा वाट्याचा भाव करण्याआधी माल कुठल्या खाडीचा ते विचारा. उत्तर टाळलं, तर त्या दिवशी माकूळ घ्या.