मेल आली, कागद निघाला

ऑर्डरची मेल येताच गोदामातल्या प्रिंटरवर आपोआप छापून हवी असेल, तर क्लासिक आउटलुकमध्ये तसा नियम लावता येतो. मात्र तो सर्व्हरवर नव्हे, तुमच्या संगणकावर चालतो. आउटलुक बंद, तर छपाईही बंद. कागद निघतो तो डिफॉल्ट प्रिंटरमधून. म्हणून विंडोजला तो परस्पर बदलू देऊ नका (ही खोड विंडोज १० पासूनची!). प्रिंटरचा आयपी पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा. तो बदलला की समोर चालू असलेला प्रिंटर संगणकावर ‘ऑफलाइन’ दिसतो. एचपीने २०१० मध्ये आणलेल्या ईप्रिंट सेवेत प्रिंटरलाच ईमेल पत्ता मिळाला. असा पत्ता बाहेर फुटला, तर फुकट्या जाहिराती तुमच्या शाईने छापल्या जातील. ठरावीक प्रेषकांनाच परवानगी द्या.