येतं तेवढ्यातून सुरुवात : ‘रमोन्स’चा पहिला अल्बम



मागच्या स्नेहसंमेलनात चौथीतला एक मुलगा घरची ढोलकी घेऊन आला आणि न वाजवताच परत गेला. विचारलं तर म्हणाला, “बाई, मला अजून नीट येत नाही.” तेव्हा मला १९७६ सालचा एक अमेरिकन अल्बम आठवला. आज त्याचीच माहिती घेऊ.

पंक रॉक म्हणजे काय?
१९७० च्या दशकात रॉक संगीत बरंच अवघड झालं होतं. लांबलचक गाणी, गिटारची कसरत, महागडे स्टुडिओ. साध्या घरातल्या मुलाला वाटायचं, हे आपलं काम नाही. पंक रॉकने उलटी वाट धरली : छोटं गाणं, वेगवान ठेका, मोजकेच स्वर.

बँड कोणता?
न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली चार मुलं : जोई, जॉनी, डी डी आणि टॉमी. चौघांनी ‘रमोन’ हे एकच आडनाव लावलं, पण ते सख्खे भाऊ नव्हते. जोई आधी ड्रम वाजवायचा. त्याला गायला पुढे केलं, तेव्हा टॉमी ड्रमवर बसला. तो मुळात ड्रमवादक नव्हताच!

अल्बम कसा झाला?
‘रमोन्स’ याच नावाचा हा अल्बम एप्रिल १९७६ मध्ये आला. १४ गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. ध्वनिमुद्रण आठवड्याभरात उरकलं, खर्च सुमारे ६,४०० डॉलर. त्या काळच्या मोठ्या बँडच्या मानाने हा खर्च अगदीच किरकोळ. एक गंमत करून बघा. इअरफोनची एकच बाजू कानाला लावा. एकीकडे गिटार ठळक ऐकू येईल, दुसरीकडे बेस.

पण इथे एक गैरसमज नको. काम लवकर झालं, कारण त्याआधी दीड-एक वर्ष ते सीबीजीबी नावाच्या छोट्या क्लबमध्ये हीच गाणी वाजवत होते. सोपं म्हणजे निष्काळजी नव्हे.

पुढे काय झालं?
अमेरिकेच्या यादीत अल्बम १११ व्या क्रमांकापर्यंतच पोचला. पाच लाख प्रतींचा ‘गोल्ड’ दर्जा मिळाला तो थेट २०१४ मध्ये. तोवर चौघांपैकी तिघे हयात नव्हते. मात्र हे ऐकून ‘आपल्यालाही जमेल’ म्हणत कितीतरी मुलांनी गिटार हातात घेतली होती.

एक सूचना : यातल्या काही गाण्यांत नशा आणि मारामारी आहे. लहान वर्गात लावू नका. आधी स्वतः ऐका.

वर्गात न्यायची ती गोष्ट. “नीट येईल तेव्हा कर” असं आपण मुलांना सहज म्हणतो आणि मूल थांबूनच राहतं. त्यापेक्षा “जेवढं येतं तेवढं आज कर, उद्या पुन्हा कर” म्हणून बघा.

तो मुलगा आता परिपाठात रोज एकच ठेका वाजवतो. कधी चुकतो. पण ढोलकी आता परत घरी जात नाही, वर्गातच असते.