अडकलेलीं मळसूत्रें

पूर्णेसारख्या गांवीं राहणाऱ्या मनुष्यानें नौकांच्या निगेविषयीं लिहावें, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली पूर्णा आमच्या गांवाजवळून वाहत जाऊन पुढें गोदावरीस मिळते. परंतु समुद्र येथून फार दूर. तथापि गंजाचें राज्य केवळ समुद्रकिनाऱ्यावरच नाहीं. आमचें गांव रेल्वेचें जंक्शन. मीटर गेजच्या काळीं येथें इंजिनांची शेड होती. घट्ट बसलेला नट कसा सोडवावा, हा प्रश्न तेथील फिटरास आणि कोंकणांतील तांडेलास सारखाच पडत असे. फरक इतकाच कीं, समुद्रावर त्या प्रश्नाशीं प्राणांची गांठ असते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हां होड्या शाकारून ठेवतात आणि त्यांची डागडुजी करितात. पुष्कळ यांत्रिक बोटींच्या तळाशीं इंजिन थंड ठेवण्याकरितां बाहेरचें पाणी आंत घेणारी तोटी असते. तिची रबरी नळी फुटली, तर तोटी तत्काळ बंद करणें हाच खरा उपाय. परंतु ती वर्षभर कोणीं फिरविलीच नसेल तर ऐन वेळीं ती हालत नाहीं. आणि घाबरून जोर केला असतां दांडी हातांत येते व समुद्र आंत येतो. म्हणून अशा तोटीची परीक्षा होडी किनाऱ्यावर असतांनाच घेतली पाहिजे.

या वस्तु अडकतात कां? लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षां दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधील फट मुळांतच अत्यल्प; तींत गंज भरला म्हणजे पाचर ठोकल्यासारखें होतें. शिवाय दोन निरनिराळे धातु एकमेकांस लागून खाऱ्या पाण्यांत राहिले, तर त्यांच्यांत विद्युत्प्रवाह सुरू होऊन दुर्बळ धातु झिजतो. ब्रिटिश आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या युद्धनौकेच्या तळास, लांकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून, तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनीं पाहतात तों लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणीं झिजून गेलेले! जेथें पत्र्याच्या वेष्टनाचा कागद मध्यें राहिला होता, तेथील लोखंड मात्र शाबूत निघालें. पुढें १८२४ सालीं हंफ्रे डेव्ही यांनीं अधिक झिजणारा धातु मुद्दाम जोडून दुसऱ्यास वांचविण्याची युक्ति सुचविली. आज बोटींच्या तळास जस्ताचे ठोकळे लावतात, ते याच तत्त्वावर.

आतां सोडविण्याची रीति. प्रथम तारेच्या ब्रशानें बाहेरचा गंज साफ करावा. मग पातळ भेदक तेल सोडून रात्रभर वाट पाहावी. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेल घालून नटाच्या अंगावर चोहोंकडून हलके ठोके द्यावे. त्या कंपानें गंजास चिरा पडून तेल आंत उतरतें. आटे उजवे आहेत कीं डावे, हें आधीं पाहावें. उलट्या दिशेनें केलेला पराक्रम वस्तु अधिकच घट्ट करतो. पाना नटास नेमका बसणारा असावा, ढिला नसावा. प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेनें, मग सोडण्याच्या दिशेनें, असें मागें-पुढें करीत जावें. पितळेचा नट पोलादी बोल्टावर असेल तर ऊब कामास येते. कारण तापल्यावर पितळ पोलादाहून अधिक प्रसरण पावतें. मात्र तेलानें भिजलेल्या किंवा इंधनाजवळच्या भागास ज्योत कदापि लावूं नये. उकळत्या पाण्यांत भिजविलेलें फडकें गुंडाळावें. एवढें करूनही यश न आलें तर नट कापून काढावा. चार पैशांचा नट जावो, बोल्ट राहो. सुटल्यावर आटे पुसून, ग्रीज लावून मगच पुनः बसवावा.

आमच्या मतें या सर्वांत अवघड भाग रात्रभर वाट पाहण्याचा आहे. तरुण मंडळींस तो आळस वाटतो. वस्तुतः त्या वेळींच काम चाललेलें असतें.

समुद्र नसलेल्या घरींही हा नियम लागू आहे. गच्चीवरील टांकीची झडप, विहिरीवरील पंपाचे नट, माळ्याच्या दाराची कडी, हीं वर्षानुवर्षें कोणीं हालवीत नाहीं. आणि नळ फुटून घरांत पाणी झालें म्हणजे सर्वांची धांवाधांव होते. खंडेनवमीस आपण अवजारांस हळदकुंकू वाहतों. त्याच दिवशीं घरांतील प्रत्येक झडप एकवार पूर्ण मिटून उघडावी व तेलाचे दोन थेंब सोडावे; हें काम मुलांकडे सोंपवावें आणि वडील माणसानें जवळ उभें राहावें.