गोटी, गल आणि माती

‘गोट्या खेळू नकोस!’ असे मुलांस दटावण्याऐवजी वडीलधाऱ्यांनीच हा खेळ त्यांस नीट शिकवावा. चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदीच्या मुखाशी असलेल्या एन्नोर येथील तमिळभाषी मुले आपल्या गोटीला ‘गोली’ म्हणतात. नाव थोडे निराळे, आनंद तोच.

प्रथम जमिनीत वाटीएवढा गल खणावा आणि चार पावलांवर रेघ ओढावी. डाव्या हाताचा अंगठा जमिनीस टेकवून मधल्या बोटाच्या टोकाशी गोटी धरावी. उजव्या हाताने ते बोट धनुष्याप्रमाणे मागे ताणून सोडावे. नेम सरावाने साधतो. जिंकलेल्या गोट्या डावानंतर परत देण्याचा नियम ठेवावा, म्हणजे मूल हार सोसावयास शिकते आणि पैजेची चटक लागत नाही.

या खेळास गोट्यांखेरीज एकच भांडवल लागते : स्वच्छ माती. एन्नोरच्या खाडीत मात्र औष्णिक वीजकेंद्राची राख साचली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पुराबरोबर तेथे तेलाचा तवंगही पसरला. नेम मूल स्वतः शिकेल. गल खणण्यापुरती निर्मळ भूमी त्याच्यासाठी राखणे हे मात्र थोरांचेच काम होय.