ॲल्युमिनियमची होडी, प्लायवुडची फळी

अमेरिकेतील तळ्यांवर आणि नद्यांवर मासेमारीच्या हजारो छोट्या होड्या दिसतात. त्यांतील बऱ्याच ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ग्रुमन या विमाने बनवणाऱ्या कंपनीने ॲल्युमिनियमच्या होड्या करायला सुरुवात केली आणि पुढे त्यांचा प्रसार झाला. पत्रा हलका असतो आणि गोड्या पाण्यात चांगला टिकतो. पण होडीत पाय ठेवायला सपाट जागा लागते. त्यासाठी तळाच्या आडव्या फासळ्यांवर बहुधा प्लायवुड बसवलेले असते. पंधरावीस वर्षांत होडीचा पत्रा शाबूत राहतो आणि पायाखालची फळी मात्र कुजून मऊ पडते. ती बदलताना कोणते प्लायवुड निवडावे? प्रश्न सुताराचा वाटतो, पण त्याच्या उत्तरात आठवी ते बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा बराच भाग येतो.

प्रथम प्लायवुड म्हणजे काय ते पाहू. लाकूड पाणी शोषून फुगते, पण सर्व दिशांनी सारखे नाही. ओले लाकूड पूर्ण वाळताना तंतूंच्या आडव्या दिशेत साधारण ३ ते १० टक्के आकसते, तर तंतूंच्या लांबीत जेमतेम ०.१ ते ०.३ टक्के. म्हणून लाकडाचे पातळ पापुद्रे काढून ते एकावर एक असे चिकटवतात की प्रत्येक थराचे तंतू खालच्या थराच्या तंतूंशी काटकोन करतील. एका थराला फुगायचे असते त्या दिशेने शेजारचा थर त्याला धरून ठेवतो. थरांची संख्या बहुधा विषम का ठेवतात, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखी रचना असली तर ओढ सारखी राहते आणि फळी वाकत नाही, असे उत्तर मुले थोड्या विचाराने देतात.

थर धरून ठेवतो तो चिकटवणारा पदार्थ. स्वस्त प्लायवुडमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइड वापरतात. गरम पाण्यात त्याचे बंध हळूहळू तुटतात. फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचे बंध पाण्याने तुटत नाहीत. १९३४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जेम्स नेव्हिन यांनी पूर्णपणे जलरोधक असा चिकटवणारा पदार्थ तयार केला आणि प्लायवुडला बोटींचे क्षेत्र खुले झाले. दोन्ही प्रकारांचे बोटभर तुकडे जुन्या डब्यात दोनतीन तास उकळून पाहावेत. युरियाच्या तुकड्याचे थर सुटू लागतात, फिनॉलचे टिकतात. फिनॉलच्या जोडाची रेषा गडद तपकिरी असते, हीही एक खूण आहे.

दुकानात ‘मरीन’ असा शिक्का असलेले प्लायवुड मिळते. त्याचा अर्थ बरेच जण ‘न कुजणारे’ असा घेतात. तो बरोबर नाही. अमेरिकेतील मरीन आणि बाहेर वापरण्याजोग्या साध्या प्लायवुडमधील चिकटवणारा पदार्थ एकाच दर्जाचा असतो. फरक आतल्या थरांत आहे. साध्या प्लायवुडच्या आतील थरांत गाठी निघून गेल्याची भोके आणि पोकळ्या चालतात, मरीनमध्ये जवळजवळ नसतात. पोकळीत पाणी साचते आणि तेथे फळी कमजोरही होते. लाकूड मात्र दोन्हींत लाकूडच राहते. बुरशीला अन्न, हवा आणि ओलावा मिळाला की ती ते खाते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. पूर्ण बुडालेले लाकूडही सहसा बुरशीने कुजत नाही, कारण तेथे प्राणवायू कमी पडतो. होडीतली फळी या दोन्हींच्या मध्ये असते, कधी ओली, कधी दमट आणि हवा भरपूर. बुरशीला याहून सोयीची जागा नाही.

मग बुरशीनाशक औषध मुरवलेले प्लायवुड का घेऊ नये? खरा धोका येथेच आहे. अशा औषधांपैकी सर्वांत प्रसिद्ध मिश्रण तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे आहे. ते १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत डॉ. सोन्ती कामेशन यांनी शोधले आणि पुढे ते जगभर वापरले गेले. आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी ते बंद केले. त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत आर्सेनिक आणि क्रोमियम नाही, पण तांबे अधिक आहे. तांब्याला लाकडात जखडून ठेवण्याचे काम क्रोमियम करीत असे. त्यामुळे ही नवी मिश्रणे धातूंना आणखी त्रासदायक ठरतात.

तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे जमत नाही ते का? ॲल्युमिनियमचा प्रमाण विद्युत विभव उणे १.६६ व्होल्ट, तांब्याचा अधिक ०.३४ व्होल्ट. फरक सुमारे २ व्होल्टचा. ओल्या लाकडातून तांब्याचे आयन पाझरून पत्र्यावर आले की ॲल्युमिनियम त्यांना इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः विरघळते. तांब्याचे तीन आयन धातुरूपात येताना ॲल्युमिनियमचे दोन अणू खर्ची पडतात. एवढ्यावर हे थांबत नाही. पत्र्यावर बसलेला तांब्याचा प्रत्येक कण आणि भोवतालचे ॲल्युमिनियम मिळून एक छोटा विद्युत घट बनतो आणि पत्र्याला खड्डे पडत जातात. कुजकी फळी बदलता येते, पण तळाला भोक पडले तर माणसे पाण्यात जातात.

हे वर्गात दाखवता येते. मोरचुदाच्या पातळ द्रावणात ॲल्युमिनियमच्या वर्खाची पट्टी टाका. बराच वेळ विशेष काही घडत नाही, कारण पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. आता चिमूटभर मीठ टाकून ढवळा. क्लोराइड आयन पापुद्रा भेदतात, बुडबुडे येतात, द्रावण गरम होते आणि पट्टीवर लालसर तांबे साचते. खाऱ्या पाण्यात धोका अधिक का, हे निराळे सांगावे लागत नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नये.

आता जाडी. ‘जाड तेवढी चांगली’ हा समज तपासून पाहू. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १८ मि.मी. फळी १२ मि.मी. फळीच्या ३.४ पट ताठ असते. पण आठ बाय चार फुटांच्या एका १२ मि.मी. फळीचे वजन सुमारे २१ कि.ग्रॅ., तर १८ मि.मी. फळीचे ३२ कि.ग्रॅ. भरते. अमेरिकेत वीस फुटांहून लहान मोटारहोड्यांवर किती वजन न्यावे याची पाटी लावलेली असते, आणि जड फळी त्या हिशेबातील वाटा खाते. दुसरा मार्ग अंतराचा आहे. दोन आधारांमधील अंतर निम्मे केले तर मध्यभागी उभ्या माणसाच्या वजनाने येणारा वाक आठव्या भागावर येतो. म्हणून फळी जाड करण्यापेक्षा मध्ये ॲल्युमिनियमचा एक आडवा आधार वाढवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

या सर्वांवरून निवड अशी ठरते. तांब्याचे औषध न मुरवलेले, फिनॉलने चिकटवलेले प्लायवुड घ्यावे. परवडत असेल तर मरीन, नाहीतर बाहेर वापरण्याचे, दोन्ही बाजू चांगल्या असलेले. भारतात आय.एस. ७१० या मानकाचे मरीन प्लायवुड मिळते. पण त्याला औषध मुरवलेले असते, तेव्हा ते कोणते हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. फळी कापून आणि भोके पाडून झाल्यावर दोन्ही बाजूंना, कडांना आणि भोकांच्या आतून इपॉक्सीचे हात द्यावेत. कडेला तंतूंची तोंडे उघडी असतात आणि पाणी तेथूनच सर्वांत जलद आत शिरते. स्क्रू स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत, पितळेचे मुळीच नकोत, कारण पितळेत तांबे असते. तळाशी साचलेले पाणी निघून जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. फळीखाली फेस भरलेला असेल तर तो कायमचा काढून टाकू नये. होडीत पाणी भरले तरी तिला तरंगत ठेवणे हे त्याचे काम आहे. तो पाणी पिऊन जड झाला असेल तर त्या जागी बंद पेशींचा नवा फेस भरावा.

आपल्या शाळेजवळ नदी किंवा खाडी नसली, तरी यातील बहुतेक गोष्टी जवळपास सापडतील. स्वयंपाकघरातल्या मोरीजवळच्या कपाटाचे सुटलेले थर, ॲल्युमिनियमच्या खिडकीला लागून असलेली ओली चौकट, बाकाची मधेच वाकलेली फळी विद्यार्थ्यांना तपासायला सांगावी. तेथे काय बिघडले आहे ते पाणी, बुरशी, धातू आणि भार यांपैकी कोणामुळे, हे त्यांनी कारणासह लिहून आणावे.